पितळी गेज आणि फडक्यांचा हात

हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगतो आहे. घरी माहीत नाही, क्लबात तर नाहीच नाही. वर्तमानपत्रात माझी उमेदीची वर्षं इतरांच्या चुकांचे खुलासे लिहिण्यात गेली. कुणाची आद्याक्षरं चुकली, कुणा धडधाकट माणसाला आम्ही कैलासवासी करून टाकलं – प्रत्येक खुलाशाच्या शेवटी ‘दिलगीर आहोत’ हे दोन शब्द मीच घालायचो. एक खुलासा मात्र राहून गेला. राहून गेला म्हणजे काय – मी तो लिहिलाच नाही.

आधी क्लब सांगतो. मुद्द्यावर यायची मला घाई नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

येरवड्यात सय्यदभाईंची लाकडाची वखार. तिच्या माळ्यावर रविवारी सकाळी आमचा छोट्या रेल्वेचा क्लब भरायचा. पुण्यात तेव्हा एकीकडे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दुसरीकडे जुने कारखाने माणसांना स्वेच्छेने निवृत्त व्हायला लावत होते. आमच्या माळ्यावर दोन्हीकडची माणसं होती. स्नेहल हडपसरला सॉफ्टवेअर लिहायची. फडकेकाका एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. त्यांच्या बाबतीत ‘स्वेच्छेने’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. सय्यदभाईंनी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल करून दिलं होतं आणि त्यावर रूळ, घाट, बोगदा, स्टेशन. मला काहीच येत नव्हतं. म्हणून स्टेशनच्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे.

तिथे प्रत्येकजण प्रत्येकाचा विद्यार्थी होता. स्नेहलने सय्यदभाईंना कॉम्प्युटर शिकवला, सय्यदभाईंनी तिला रंधा मारायला शिकवलं. मला डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, फडक्यांनी शिकवलं. फडके शिकवायचे म्हणजे आधी अपमान करायचे.

“अहो पत्रकार, हा डाख आहे की कालचं पिठलं?”

मग माझं मनगट धरून, तार कशी तापवायची, डाख कसा आपोआप वाहू द्यायचा, हे तीन-तीनदा दाखवायचे. अपमान मी नीट लक्षात ठेवला. मनगट धरल्याचं सोयीस्कर विसरलो.

आता गेज. छोट्या इंजिनाच्या दोन चाकांमधलं अंतर केसभर चुकलं, तरी गाडी सांध्यावर – एका रुळातून दुसरा फुटतो तिथे – घसरते. ते अंतर तपासायला पितळेचा एक ठोकळा असतो. चाकांच्या मधे घालायचा. घट्ट सरकला तर चाकं बरोबर. खुळखुळला तर चाकं लांब. स्नेहल कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेली, तेव्हा तिच्या बरोबरचे चॉकलेटं घेऊन आले आणि ही असलं गेज घेऊन आली. क्लबात एवढी एकच परदेशी वस्तू. कुड्यांच्या मखमली डबीत ते ठेवलेलं असायचं. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजायचो, तेव्हा पहिलं फूल गेजवर.

आणि मी त्याने रंगाचा डबा उघडला.

हो. एवढंच. सय्यदभाईंनी किल्ली माझ्याकडे दिली होती, मी लवकर आलो होतो, पाटी रंगवायची होती, डब्याचं झाकण निघेना. हाताशी जे आलं ते झाकणाखाली घातलं. झाकण निघालं. गेजची कड वाकून वर आली. मग मी काय केलं? फडक्यांची बारीक कानस घेतली आणि कड घासली. एका बाजूने घासली तर दुसरी वेगळी दिसायला लागली, म्हणून तीही घासली. मग जरा पॉलिश. काय सांगू – धातूचं इतकं सफाईदार काम माझ्या हातून त्याआधी झालं नाही आणि नंतरही नाही. फक्त गेज आता केसभर लहान झालं होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर? फार तर आणखी एक पिठलं ऐकावं लागलं असतं.

पुढच्याच रविवारी फडके त्यांचं इंजिन घेऊन आले. घाटात गाडीला मागून रेटतं तसलं. वारज्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यांनी छोटा लेथ बसवला होता. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे, तेव्हा हे सांगायचे, वर एक लेथ राहतो, सोबतीला दोन माणसं. चाकं त्यांनी त्यावर स्वतः कातली होती. पावसाळा सगळा त्यात गेला होता.

“घाला गेज,” ते म्हणाले. “विकतचं आणि कातलेलं यातला फरक कळेल तुम्हाला.”

स्नेहलने गेज घातलं. खुळखुळलं.

“काका, जरा लूज आहे.”

“परत घाल. नीट धर.”

परत खुळखुळलं. सय्यदभाईंनी घालून पाहिलं. मीही पाहिलं – मीही, हे लक्षात घ्या – आणि गंभीर चेहरा करून मान हलवली. शेवटी फडक्यांनी स्वतः घेतलं. चाकं फिरवून फिरवून घालून पाहिलं. मग म्हणाले, “गेज खोटं कशाला बोलेल? माझाच हात गेला.”

सय्यदभाई म्हणाले, “फडकेसाहेब, केसाचा तर फरक.”

“केसासाठीच पगार घेत होतो मी.”

यावर कुणाला हसू आलं नाही. मला आलं – आत. कबुलीच द्यायची तर पुरती द्यायला हवी. पिठल्याचा हिशेब मिटला, असं मला वाटलं. छान वाटलं.

त्यांनी तिथेच चाकं दाबून गेजबरहुकूम केली. इंजिन सुटलं, स्टेशन सोडलं आणि पहिल्याच सांध्यावर आडवं झालं. मग आम्ही सगळ्यांनीच आपापली इंजिनं तपासली. सगळी खुळखुळली. सगळी दाबली. सगळी घसरायला लागली.

त्यानंतरचा काळ हा क्लबाचा सुवर्णकाळ होता, हे मला नमूद केलं पाहिजे. गाड्या का घसरतात हे शोधण्यासाठी आम्ही जेवढं शिकलो तेवढं आधी कधी शिकलो नव्हतो. सय्यदभाईंना वाटलं, दमट हवेने लाकूड फुगतं. त्यांनी अर्धं टेबल पुन्हा केलं. स्नेहलने वळणांचं गणित करणारा प्रोग्राम लिहिला आणि आम्हा सर्वांना तो समजेपर्यंत सोडलं नाही. मी रूळ जोडायला शिकलो. सगळं तपासलं. तपासलं नाही ते फक्त गेज. ज्याने तपासायचं ते कोण तपासणार? एकमेकांना धीर देत, भजी खात, न झालेल्या चुका दुरुस्त करत आम्ही इतके जवळ आलो की मी त्यावर रविवारच्या पुरवणीत लेखही लिहिला – अचूकतेचा ध्यास या विषयावर. माझ्या नावासकट. वाचकांना आवडला.

फडके मात्र या सगळ्यात नव्हते. यायचे, चहा करायचे, खुर्चीत बसायचे. कानस हातात घेईनात. एका रविवारी त्यांनी सहज सांगितलं, लेथ हडपसरच्या एका वर्कशॉपला देऊन टाकला. “बाल्कनीत वाळवणाला जागा झाली. खालचेही खूश.”

तेव्हा सांगितलं असतं तर लेथ परत आला असता. नाही सांगितलं.

पुढे स्नेहल पुन्हा जर्मनीला गेली आणि नवं गेज घेऊन आली. फडके सोडून सगळ्यांची चाकं नव्याने बसवली, गाड्या सुरळीत धावायला लागल्या. श्रेय सय्यदभाईंच्या टेबलाला आणि स्नेहलच्या गणिताला गेलं. ती म्हणाली, “जुनं कुठंय? एकदा शेजारी ठेवून बघू.” मी म्हणालो, हरवलं. ते माझ्या खिशात होतं. डबीसकट. फडके त्या वेळी माझ्यापासून दोन हातांवर बसून गाळणीतला चहा दाबत होते. डबी बाहेर काढली असती तर त्या माणसाला त्याचा हात तिथल्या तिथे परत मिळाला असता. मी म्हणालो, “चहा झाला का, काका?”

हे शेवटचं. काही महिन्यांनी त्यांच्या त्या इंजिनाला नव्या गेजवर आणायचं ठरलं. चाकाजवळचा स्क्रू अगदी बारीक. तो सोडवायचा आणि परत बसवायचा. सगळ्यांनी फडक्यांकडे पाहिलं. त्यांनी इंजिन माझ्यासमोर सरकवलं.

“तुम्ही करा, पत्रकार. आता आपल्यात बरा हात तुमचाच आहे.”

चेष्टा नव्हती. मी चेहरा नीट पाहिला, मला चेहरे वाचता येतात.

मी म्हणालो, “तुमच्याकडूनच शिकलो.” आणि स्क्रू सोडवायला घेतला.