खोड गाडीत न्हाई

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. पण नुसतं 'हे' 'हे' म्हणत बसले तं ऐकणाऱ्याला कळायचं न्हाई, कोण हे. म्हणून घेते: संतराम. सिद्धेश्वरच्या धरणाखाली आमची हळद हाय, कालव्याचं पाणी हाय, दोन लेकरं हायेत. थोरला विश्वजीत पुण्याकडं कंपनीत, धाकटी वैष्णवी औंढ्याला कॉलेजात. घरात बडबड करणारी मी एकटी. संतराम मुके न्हाईत. बैलाशी बोलतेत, हळदीच्या भावावर पारावर घंटाभर बोलतेत. पण मनातलं काही सांगायचं म्हणलं की माणूस उठून गोठ्यात जाते.

ही खोड खानदानी हाय. संतराम मिसरूड फुटायच्या वयाचे असताना घरात कशावरून तरी वाजलं अन् त्यायनं हैदराबादला कामाला जायचं ठरवलं. पिशवी भरून तयार. माझा सासरा पोराला 'राह्य' म्हणला न्हाई. तो बाजारात गेला, एक देवणी गोऱ्हा घेऊन आला, अन् कासरा पोराच्या हातात देऊन म्हणला, "धर. याला वळण लावायचं हाय." संतरामनं पिशवी खुंटीला अडकवली, ती अडकवलीच. हे मला सासूनं सांगितलं. त्या घरात 'राह्य' हा शब्द तोंडानं म्हणत न्हाईत, बैल आणतेत.

विश्वजीत पुण्याला निघाला तवा आमी सगळे औंढ्याच्या स्टँडवर गेलतो. मी रडून घेतलं. पोरगं बसच्या पायरीवर उभं राहून बापाकडं पाहून राह्यलं व्हतं. लई वेळ पाह्यलं त्यानं. संतराम म्हणले, "आत जाय, जागा जाईल." झालं, एवढंच. घरी आले अन् सरळ गोठ्यात.

तवापासून पोरगं दिवाळीला येते, दोन दिस राहते, जाते. मागच्या पोळ्याला तं आलंच न्हाई. फोन येते. संतराम इचारतेत, "पाऊस हाय का तिकडं?" तो म्हणते, हाय. "आपल्याकडं न्हाई. घे, मायशी बोल." बापलेकाचं बोलणं संपलं.

यंदा वसमतला हळद घातली, भाव बरा लागला. दुसऱ्या दिवशी भाकर खाता खाता संतराम ताटाकडं पाहून म्हणले, "विश्वजीतसाठी गाडी घ्यावं म्हणून राह्यलो."

"कोणती गाडी?"

"ती पुढं वाकून चालवायची. स्पोर्ट म्हणतेत."

मला हसू आलं. ती गाडी पोराला कॉलेजात असताना पाहिजे व्हती. तिचा फोटो त्याच्या खोलीत अजून भिताडाला चिकटून हाय, कोपरे पिवळे पडलेत. तवा बापानं 'हूं' केलं न्हाई की 'चूं' केलं न्हाई. अन् आता पोरगं तिकडं, तं गाडी इथं कोणासाठी?

"घरी असली की येईल," संतराम म्हणले. "पोरगं गाडीपायी येते."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला की हा माणूस गोऱ्हा आणायला निघालाय. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधी व्हती. म्हणलं, "बैल गेला अन् झोपा केला. आता कशाला गाडी? त्या दिवशी तोंडात काय मिठाची गुळणी धरली व्हती?"

संतराम अर्धी भाकर टाकून गोठ्यात गेले. मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की दुपारी मीच वैष्णवीला म्हणलं, बाई, तुझ्या मोबाईलात पाह्य तशा गाड्या. मलाबी माझं पोरगं घरी पाहिजे व्हतं. खोटं काहून बोलू?

मग घरात दुसरंच भांडण लागलं: नवी का जुनी.

वैष्णवी नव्याच्या बाजूनं. हिंगोलीच्या शोरूमात आमाला घेऊन गेली. तिथल्या पोरानं संतरामला गाडीवर बसवलं, "काका, जरा पुढं झुका," म्हणला. हे झुकले तं डोक्यावरची टोपी टाकीवर पडली. मागची शीट पाह्यली मी. एवढीशी अन् एवढी उंच, तिच्यावर कोंबडी बसंल, बाई बसायची न्हाई. पोरगं ॲव्हरेज सांगून राह्यलं, हप्ता सांगून राह्यलं. संतराम गाडीच्या टाकीवर हात फिरवून राह्यले व्हते, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. बाहेर आल्यावर म्हणले, "चकचकीत हाय. पण हिचं घर कोणतं, कोणाच्या हातानं वळण लागलं, काय कळते का? नव्याचे नऊ दिवस. चालता बैल घ्यावा माणसानं, ओळखीच्या दावणीचा."

"अन् लग्नाच्या पोराला दुसऱ्याची उतरलेली गाडी द्यायची?" मी म्हणलं. "हरकंल का तो?"

"जुन्या गाडीत काय बिघडलंय ते कळत न्हाई, बाबा," वैष्णवी म्हणली. "इकणारा थोडंच सांगते."

"काहून न्हाई सांगणार?" संतरामला खरंच कळंना. आमच्याकडं जनावर इकताना खोड लपवत न्हाईत. मारकं असंल तं मारकं म्हणायचं, बसकं असंल तं बसकं. लपवून इकलं तं ते पाप लेकराबाळांवर येते म्हणतेत. संतरामला वाटते, हा कायदा सगळ्या दुनियेला लागू हाय. वैष्णवीनं माझ्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं. आठ-पंधरा दिस असेच गेले. मी नवी म्हणायची, ते जुनी म्हणायचे, अन् दोघंबी मनात एकच धरून व्हतो की गाडी आली की पोरगं येईल.

एका संध्याकाळी वैष्णवी मोबाईल नाचवत आली. साखरा गावच्या एका माणसानं तशीच गाडी इकायला टाकली व्हती. तोच निळा रंग, भिताडावरच्या फोटोतला. संतरामनं फोटो लई वेळ पाह्यला. सकाळी इसाराचे पैसे कोपरीच्या आतल्या खिशात घातले अन् म्हणले, चला.

हिंगोलीपावतर बस, सेनगावपावतर बस, पुढं जीप. साखरा आमच्यासारखा न्हाई, कोरडवाहू मुलूख. तूर उभी व्हती रस्त्याच्या दोन्ही अंगानं. इकणाऱ्याचं नाव पुंजाजी. संतरामच्याच वयाचे असतील. त्यायची बायको अनुसयाबाई, माझ्यासारखीच अंगानं आडवी, पण डोळ्यानं गरीब. त्यायनं आमाला पाणी दिलं अन् गोठ्यात नेलं. गोठ्यात दोन बैल, अन् तिसऱ्या खुंट्यापाशी, जुन्या लुगड्याखाली झाकलेली गाडी.

पुंजाजीनं लुगडं काढलं. मी शोरूममधली पाह्यली व्हती ना, तिच्यापेक्षा ही लखलखीत. टायरावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. वैष्णवीनं किलोमीटरचा काटा पाह्यला अन् माझ्या कानात म्हणली, "माय, ही तं नवीच हाय. शोरूमपासून घरापावतर चालली असंल, अन् वरून थोडी. अन् अर्ध्या किमतीत देऊन राह्यले."

मला वाटलं, भांडणच मिटलं. नवीबी हीच, जुनीबी हीच. नव्यानं मी खूश, दावण डोळ्यानं पाह्यली म्हणून हे खूश. मनातल्या मनात मी विश्वजीतला तिच्यावर बसवून औंढ्याच्या रस्त्यानं फिरवूनसुद्धा आणलं.

संतरामनं बाजारात इचारतेत तसं इचारलं, "खोड काय हाय?"

पुंजाजी गाडीकडं पाहून म्हणले, "खोड गाडीत न्हाई."

"मग काहून इकून राह्यले?"

पुंजाजी खाली वाकले. बैलापुढचा कडबा सारखा करू लागले. मी ते वाकणं ओळखलं. माझ्या घरात रोज पाहते.

वैष्णवीला त्यातलं काही कळलं न्हाई. तिला मोबाईलनं शिकवून ठेवलं व्हतं की जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागायच्या, न्हाईतर गाडीत घोळ असते. ती म्हणली, "काका, दुसरी चावी?"

"ती हरवली," पुंजाजी म्हणले.

"हरवली न्हाई," अनुसयाबाई दारातून म्हणल्या. हातात चहाचा ट्रे व्हता, तो त्यायनं खाली ठेवला अन् पदराची गाठ मुठीत धरली. "हाय माझ्याजवळ. पण ती देणार न्हाई मी. दावं कोणी देते का?"

वैष्णवीला काय कळंना. मला कळलं, संतरामलाबी कळलं. जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं घरात राह्यलं की खुंटा रिकामा राहत न्हाई, परत येते म्हणतेत. पण गाडीचं दावं कोणी ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाह्यलं.

मग अनुसयाबाईंनीच सांगितलं. त्यायचा एकुलता पोरगा संभाजीनगरला नोकरीला हाय. येत न्हाई म्हणून त्यायनं त्याच्या आवडीची गाडी आणून ठेवली. "पोळ्याला आला. गाडी काढली, वेशीपावतर नेली, आणली. लई चांगली हाय म्हणला. दुसऱ्या दिवशी गेला. मग आला न्हाई. रोज सकाळी हे तिला चालू करतेत, आवाज ऐकतेत, बंद करतेत. आता फोनवर म्हणते, उगं कशाला ठेवता, इकून टाका."

चहा निवून गेला. संतरामचा हात आतल्या खिशात गेलेला मी पाह्यला. इसार आता बाहेर येते का काय, म्हणून मी पाहून राह्यले. लई वेळानं हात तसाच रिकामा बाहेर आला.

"बाई," ते अनुसयाबाईला म्हणले, "ही पहिली चावीबी तुमच्याचजवळ राहू द्या."

अन् खालचं लुगडं उचलून त्यायनं सोता गाडीवर घातलं.

वैष्णवी जीपमध्ये फणफणत व्हती. अशी गाडी परत मिळणार न्हाई, बाबा कोणाच्याबी रडण्यात येतेत, अन् काय काय. हिंगोलीच्या स्टँडवर औंढ्याच्या बसची वाट पाहत बसलो तवा मीबी म्हणलं, "ती नको तं नको. त्या घराची तळतळ लागंल वाटलं तं शोरूमची घेऊ. नवी कोरी."

"त्यायनंबी नवी कोरीच घेतली व्हती," संतराम म्हणले.



मग त्यायनं कोपरीतून आपला बटणाचा फोन काढला. तो एवढ्या मोठ्यानं बोलते की शेजारच्या बाकड्यालाबी ऐकू जाते. विश्वजीतला लावला.

"बाबा?" पोरगं घाबरलं. बापानं आपणहून कधी फोन केलाच न्हाई ना. "काय झालं? माय बरी हाय?"

"बरी हाय. बाजूलाच बसलीय."

"मग? पाऊस न्हाई का?"

"पावसाचं न्हाई." इथं ते थांबले. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, आता म्हणतेत, घे मायशी बोल. मी हात मागंच घेतला. नांदेडची बस लागली, लोकं धावले, अन् त्या गलक्यात संतराम म्हणले, "तू ये. मला करमत न्हाई तुझ्याबिगर."

मला वाटलं, फोन कटला. मग पोरगं म्हणलं, "बाबा, हे तुमी त्या दिवशी बसपाशी म्हणले असते तं..."

"तवा आलं न्हाई तोंडात."

"मी वाट पाह्यली व्हती."

"व्हय," संतराम म्हणले. "दिसलं व्हतं मला."

मी पदर तोंडाला लावला. वैष्णवी दुसरीकडं पाहू लागली.

"शनिवारी निघतो," विश्वजीत म्हणला. "राहायचं काय ते आत्ता सांगत न्हाई. पण येतो. अन् गाडीबिडी नका घेऊ, वैष्णवीनं मला फोटो पाठवलता. बाबा, ती मला कॉलेजात पाहिजे व्हती. आता दिवसभर उभं राहून पाठ धरते, तिच्यावर वाकून कोण बसंल?"

संतराम हसले. हसता हसता त्यायनं उपरण्यानं नाक पुसलं, अन् फोन माझ्या हातात द्यायचा विसरूनच गेले. आपणच बंद केला. मला राग आला, माझं बोलायचं राह्यलं व्हतं. पण आज एवढं चालते म्हणलं.

बस अजून आली नव्हती. थोड्या वेळानं ते वैष्णवीला म्हणले, "त्या पुंजाजीचा नंबर लाव."

"घ्यायची ठरली का?" तिचा चेहरा उजळला.

"लाव तू."

पुंजाजीनं उचलला. संतराम म्हणले, "भाऊ, एवढ्यात इकू नका गाडी. आधी पोराला तोंडानं बोलवा. ये म्हणा. करमत न्हाई म्हणा."

मागं त्यायच्या गोठ्यातली घंटी ऐकू येत व्हती.

"आमच्यात असं बोलत न्हाईत हो," पुंजाजी म्हणले.

"आमच्यातबी न्हाई बोलत," संतराम म्हणले. "मी आत्ता बोललो."