वांग्याची तारीख

खांदेश्वरच्या त्या सोसायटीत कुणाच्या घरात काय चाललंय हे वॉचमनच्या आधी वेणूबाईंना कळतं, आणि वॉचमनला निदान त्यासाठी रजिस्टर ठेवावं लागतं. वेणूबाईंचं काम चार दिवसांच्या स्वयंपाकाचं. पाळी आली की बाई ओट्याला हात लावत नाही अशी सात घरं अजून तिथे आहेत. त्या घरांत ते चार दिवस पोळ्या वेणूबाईंच्या.

सातजणींच्या तारखा ध्यानात ठेवायच्या म्हणजे लिहिणं आलंच. पण नवरा शहाजी, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला माथाडी, कॅलेंडरसमोरच जेवायला बसणारा. त्याला परक्या बायकांचं गुपित कशाला कळायला हवं? म्हणून वेणूबाईंनी नावांऐवजी भाज्या काढल्या. ज्या घरात जी भाजी चालत नाही, ती त्या घराची खूण. मालतीबाईंना वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते, म्हणून त्यांच्या सुनेच्या तारखेला वांगं. शहाजीला तो बायकोचा भाज्यांचा बेत वाटतो. कॅलेंडरवर वांगं दिसलं की तो येताना किलोभर वांगी घेऊनच येतो. बायको का हसते, हे त्याने सहा वर्षांत विचारलेलं नाही.

आधी वेणूबाईंचाही समज चारचौघींसारखाच होता, पाळी महिन्याच्या महिन्याला यायची. पण कॅलेंडर काही ऐकेना. कारलं पंचविसाव्या दिवशी हजर, भोपळा तिसाव्या, आणि राजेश्वरीचं, म्हणजे मालतीबाईंच्या सुनेचं वांगं कधी पस्तीस, कधी अडतीस, कधी छत्तीस. आपलंच मोजायला चुकतंय असं वाटून त्यांनी नूरीनला गाठलं. नूरीन त्याच सोसायटीतल्या फातिमाची मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फातिमाकडे वेणूबाई नुसत्या चहाला जातात, कारण त्या घरात चार दिवस नमाज बंद असते, चूल नाही.

"मावशी, तुमचं बरोबर आहे," नूरीन म्हणाली. "पिशवीत आतून मऊ अस्तर तयार होतं. मग बीज सुटतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ते अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं, तीच पाळी. ते घाणबीण काही नसतं. बीज सुटल्यानंतरचे दिवस जवळपास ठरलेले. सुटायच्या आधीचे मात्र कुणाचे कमी, कुणाचे जास्त. टेन्शन, आजारपण, जागरण, कशानेही लांबतात."

वेणूबाईंना लगेच उमगलं. "म्हंजे कुकर. पहिली शिट्टी यायला एका घरात आठ मिन्टं, दुसरीकडं पंधरा. पर शिट्टीनंतर मंद गॅसवर सगळीकडं सारकीच."

नूरीनने हे वहीत लिहून घेतलं म्हणतात.

यंदाच्या संक्रांतीला मालतीबाईंचं हळदीकुंकू झालं. वाण देता देता त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला मात्र आमच्याकडे बोरन्हाण." बोरन्हाण घालायला मूल लागतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. जिना उतरेपर्यंत बातमी गेटबाहेर होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेणूबाईंना बोलावून घेतलं. "वेणू, या महिन्यात तू नकोस. आणि पुढचे नऊ महिनेही नकोस. अठ्ठावीस होऊन वर पाच दिवस गेलेत."

राजेश्वरी ताटं पुसत होती. "आई, मी टेस्ट केली. एकच रेघ आली."

"त्या एवढ्याशा पट्टीला काय कळतंय? माझ्या कुंदनला सांगितलंय, तुझ्या कंपनीत फोन कर म्हणून. तळोज्याच्या त्या केमिकलच्या वासात मी तुला पाठवणार नाही. स्कूटीची चावीही माझ्याकडे आहे."

चावी तूरडाळीच्या डब्यात आहे, हे वेणूबाईंना डब्याच्या बाजूला सांडलेल्या डाळीवरूनच कळलं. सोमवारी राजेश्वरी लॅबची इनचार्ज होणार होती. तीन वर्षं त्याच लॅबमध्ये काचेच्या नळ्या हलवल्यावर मिळालेली जागा. तिने एकच ताट तीनदा पुसलं.

वेणूबाई घरी आल्या. कॅलेंडर दाखवायचं म्हणजे सातजणींचा विश्वास पणाला लावायचा. जुनं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं, परत ठेवलं, परत काढलं, आणि शेवटी पदराखाली घेऊन मालतीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"हे काय, बाजारहाट?"

"काकू, निस्ती वांगी बघा. बाकीच्या भाज्या तुमच्या न्हवंत." त्यांनी बाकीच्यांवर तळहात ठेवला. "तुमच्या सुनेचं वर्सभरात अठ्ठाविसाव्या दिवशी एकदा तरी आलंय का? ती लेट न्हाई. तिची शिट्टीच उशिरा हुते." आणि कुकर समजावला. "आज तेहतिसावा दिस. शनवार ते मंगळवार, या चार दिसांत वांगं येतंय बघा. न्हाई आलं तर पेढे माज्याकडून. तवर त्या कंपनीला फोन करू नका."

मालतीबाईंनी चष्मा लावला. एकेका महिन्यावर बोट ठेवत दोनदा मोजलं. 

"मला चाळीस लागायचे," त्या म्हणाल्या. "कराडला सासूबाई पाच दिवस वर गेले की गल्लीभर सांगायच्या. आणि मग पाळी आली की मलाच बोलायच्या, पोरीनं उचललं असेल काहीतरी जड, म्हणून पडलं. कुंदन होईपर्यंत चार वर्षं मी कळशीसुद्धा भीत भीत उचलली."

"तुमचं काय बी पडलं न्हवतं, काकू."

"कळलं आता," म्हणून त्यांनी चष्मा पुसला. राजेश्वरीने न सांगता तिघींचा चहा टाकला.

रविवारी सकाळी मालतीबाईंचा फोन. आवाज जरासा खाली होता, पण कडू नव्हता. "वेणू, ये गं. चार दिवस. आणि उद्या लवकर ये, सातला डबा लागेल, ती सव्वासातला निघते. बी विंगमधल्या बायकांना काय सांगायचं तेही तूच ठरव, तुझी जीभ माझ्यापेक्षा बरी चालते."

वेणूबाई पोचल्या तेव्हा राजेश्वरी तूरडाळ ताटात ओतून चावी शोधत होती आणि सासू बाजूला बसून कुठल्या कोपऱ्यात खुपसली ते आठवत होती.

दुपारी घरी येऊन त्यांनी नव्या कॅलेंडरवर अठरा तारखेला देठासकट छान टपोरं वांगं काढलं. संध्याकाळी कुणाच्यातरी पूजेहून शहाजी आला. त्याने कॅलेंडरकडे पाहिलं, चप्पल परत पायात घातली आणि पिशवी शोधायला लागला.