बाबांच्या पायातल्या झडपा

हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून डॉक्टर जे बोलत ते घरी समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

बाबा प्लांटमध्ये भट्टीजवळ उभ्याने काम करतात. त्यांच्या डाव्या घोट्यावरची जखम काही केल्या भरत नव्हती. शिरेतल्या झडपा सैल झाल्या आहेत, वर चढलेलं रक्त परत खाली कोसळतं आणि कातडी आतून फोडतं, असं डॉक्टर म्हणाले होते. झडपा शिवून घट्ट केल्या तर पाय वाचण्याची आशा होती.

त्या रविवारी जेवताना मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला. बाबांनी ताट भिंतीवर फेकलं. गरम वरण माझ्या मानेवर उडालं.

"कालेजात जाऊन डाक्टर झाली काय तू? बापाले फाडायले निघाली."

"फाडत नाही बाबा, शिवतात," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी उठून मला लाथ मारली. मी सरकले आणि त्यांचा पाय लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आदळला. घोट्याजवळची फुगलेली शीर फुटली. रक्ताची धार उडाली, फरशीवर, आईच्या साडीवर, सांडलेल्या भातावर.

आरडाओरडा ऐकून शेजारचे काका धावत आले. ते बाबांच्याच गावचे, भंडाऱ्याकडचे. तिकडे शेतात साप चावला की चावलेल्या जागेच्या वर आवळून बांधतात. काकांनी तेच केलं. बाबांना खुर्चीत बसवून त्यांच्या मांडीला गमछा गुंडाळला आणि गुडघा रोवून ओढला. पाय काळानिळा झाला, धार अजूनच जोरात उडू लागली. बाबा ओरडत होते आणि स्वतःच म्हणत होते, अजून आवळ. काका अजून आवळत होते.

ऑटोतून दवाखान्यात नेलं. सिस्टरने कात्रीने गमछा कापला, बाबांना आडवं पाडलं, पाय उंच धरून जखमेवर तळवा दाबला. हळूहळू रक्त थांबलं. असं बांधलं की रक्ताला वर जायला वाट उरत नाही, मग ते फुटलेल्या जागेतूनच बाहेर पडतं, असं म्हणत ती काकांवर खेकसली. काका भिंतीला टेकून रडू लागले.

तरीही बाबा ऑपरेशनला नाहीच म्हणत होते. तेव्हा आई, साडीवरचं रक्त वाळलेलं, खाटेजवळ आली.

"अवो, लाथ मारायले तरी पाय पायजे ना तुमाले? शिवू द्या त्यायले."

बाबांनी तोंड फिरवलं. मग मला म्हणाले, "सांगून दे डाक्टरले."

जांघेत चिरा देऊन शीर उघडली आणि आतल्या पातळ पाकळ्या केसासारख्या धाग्याने ताणून शिवल्या, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

पहिल्यांदा उभं राहायच्या दिवशी बाबांनी माझा हात झटकला. पाय जमिनीला लागताच तोच हात पकडला, इतका घट्ट की बांगडी फुटून काच मनगटात रुतली. ते पायाकडे बघत रक्त खाली कोसळण्याची, ठणका उठण्याची वाट पाहत होते. मीही.

"फुटून नाही राहिला पाय," ते म्हणाले.

सिस्टर ओरडली, पोरीचा हात सोडा. त्यांनी सोडला नाही आणि मीही ओढून घेतला नाही.