धाकटी क्लासला गेलीय

धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाई तिला धाकटी म्हणू लागल्या, आणि आता कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले तरी ती धाकटीच आहे. मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीत ती काम करते. चिठ्ठी घ्यायची, फडताळातून औषध काढायचं, रोग्याच्या माणसाला ते कधी नि कसं द्यायचं ते समजावून सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तिथे एकाच रंगाच्या खोक्यांत जवळजवळ एकाच नावाची औषधं असतात, एखाद्या अक्षराचा फरक, आणि चुकलं तर समोरच्याच्या जिवाशी खेळ. म्हणून तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, नाव तीनदा वाचायचं. काढताना, गोळ्यांची पट्टी कापताना आणि हातात देताना. अंदाजपंचे हा शब्द त्या खिडकीत शिवीसारखा आहे.

ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली की घरीही सुटली नाही. गॅस बंद आहे ना, कडी लागली आहे ना, सगळं तीनदा. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, बस चालवतात. ते म्हणायचे, "लग्नाच्या कागदावर सही करताना हिने माझं नाव तीनदा वाचलं. तरी चूक व्हायची ती झालीच." मग ती हसायची. तेव्हा ती पुष्कळ हसायची.

औषधांच्या कोठाराचे जुने प्रमुख निवृत्त व्हायला आले. त्यांचं बरंचसं काम धाकटीच करत होती, किती माल आहे, कुठलं औषध संपत आलं, कुठलं बाद व्हायला टेकलं, सगळं तिच्या डोक्यात. पण इस्पितळाच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की प्रमुखाला व्यवस्थापनाची पदवी लागते. संध्याकाळच्या कॉलेजात यंदा प्रवेश मिळाला तर जागा तुझी, शिकता शिकता सांभाळ. नाही मिळाला तर बाहेरून माणूस घेऊ. आणि प्रवेशासाठी आधी परीक्षा.

तिने घरी हे सांगितलं तेच मुळी मान खाली घालून, जणू काही मागायलाच आली होती. सासूबाई म्हणाल्या, "दे ना परीक्षा. आम्ही काय मेलोय का सगळ्या?" तिथेच ठरलं. कामावरून ती थेट परीक्षेच्या तयारीच्या क्लासला जाईल. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, मी घरीच शिवणकाम करते, माझं मशीन थोडं थांबलं तरी चालतं. चिमणीचा, म्हणजे तिच्या मुलीचा अभ्यासही मीच घ्यायचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी भांडी आणि कपड्यांच्या घड्या त्यांनी अंगावर घेतल्या. मी देवापुढे बसले की तिच्यासाठी चार शब्द जास्त बोलू लागले. तेवढंच माझ्या हातात.

सुरुवातीला ती क्लासहून आली की सांगायची. सगळी पोरं कॉलेजातली, तिला काकू म्हणतात. गणित शाळेनंतर हातच लावलं नव्हतं, टक्केवारी आठवते, बाकी सगळं पुसलं गेलंय. इंग्रजी उतारे वाचताना जीभ अडखळते. मग पहिली चाचणी झाली. मी विचारलं, "कशी गेली गं?" ती म्हणाली, "बरी गेली." आणि हात धुवायला आत गेली.

त्यानंतर तिने क्लासचं बोलणंच सोडलं. मला वाटलं, दमते बिचारी. आल्या आल्या सासूबाईंच्या हातातून भांडी ओढून घ्यायची. सासूबाई ओरडायच्या, "अगं, अभ्यास कर, भांडी कुठे पळून चाललीत?" ती म्हणायची, "करू द्या हो आई, तेवढंच बरं वाटतं." मी ताट वाढलं की ताटाकडे बघायची, माझ्याकडे नाही.

इकडे सासूबाईंना तर उधाण आलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घ्यायला गेल्या तरी सूनबाईची परीक्षा काढायच्या. दुकानदारीण एकदा खवचटपणे म्हणाली, "या वयात कसली परीक्षा आजी?" सासूबाई म्हणाल्या, "मॅनेजर व्हायची. तुला नाही कळायचं, तू नुसती गल्ल्यावर बसतेस." दारात कुणी आलं, फोन वाजला, कुणी चौकशी केली की आमचं सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं, धाकटी क्लासला गेलीय. चिमणी तर ते गाण्यासारखं म्हणायची.

एके दिवशी संध्याकाळी चिमणी जिन्यावरून घसरली आणि हातावर पडली. हात टम्म सुजला. भाऊजी बसवर, धाकटीचा फोन बंद, क्लासमध्ये बंद ठेवावा लागतो असं तिनेच सांगितलेलं. म्हणून मी क्लासच्या कचेरीत फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "कोण, त्या औषधवाल्या काकू? त्यांनी कधीच सोडलं. पहिल्या चाचणीनंतर आल्याच नाहीत." मी म्हटलं, "तुमची काहीतरी गल्लत होतेय." ती म्हणाली, "वयाने मोठ्या त्या एकट्याच होत्या हो, गल्लत कशी होईल?"

विचार करायला वेळ नव्हता. पोर रडत होती. रिक्षा केली आणि धाकटीच्याच इस्पितळात नेली, दुसरं कुठे सुचणार. देवाची कृपा, हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली, औषधाची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी घेऊन, चिमणीला कडेवर घेऊन मी खिडकीपाशी गेले आणि चिठ्ठी आत सरकवली.

चिठ्ठी घेणारा हात मी ओळखला. बोटावर भाजल्याचा जुना डाग, आमच्याच ओट्यावर भाजलं होतं ते.

तिने मान वर केली नव्हती. चिठ्ठीवर चिमणीचं शाळेतलं नाव होतं. तिने ते वाचलं. परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग वर पाहिलं, आधी पट्टीकडे, मग माझ्याकडे. आधी तिच्या चेहऱ्यावर आईची भीती आली. मी म्हटलं, "मोडलं नाहीय, मुरगळलंय नुसतं." ती भीती ओसरली आणि तिच्या जागी जे आलं ते मला बघवेना. मीच दुसरीकडे पाहिलं. तिने औषध काढलं, कापलं, माझ्या हातात दिलं, आणि अनोळखी माणसाला सांगावं तसं, जेवणानंतर द्यायचं, म्हणाली. मागे रांग होती.

चिमणी म्हणाली, "आई, तू क्लासला नाही गेलीस?"

मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. सुट्टी होती, सर आले नाहीत, शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या. पण ती म्हणाली, "नाही बाळा. नाही गेले."

बदली माणूस आल्यावर ती बाहेर आली. बाकावर बसलो तिघी. चिमणीचा डोळा लागला तेव्हा तिने सांगितलं. चाचणीत तिने प्रत्येक प्रश्न सोडवला की ताळा केला, परत ताळा केला, मगच पुढचा घेतला. वेळ संपली तेव्हा तीन भागांतला एकच भाग झाला होता. लिहिलेलं सगळं बरोबर. पण गुण वर्गात सगळ्यात कमी, आणि सरांनी ते खालून वर वाचले, म्हणजे सुरुवात हिच्यापासून. म्हणाले, "मॅडम, इथे चुकलं तर पेशंट मरत नाही. जमत नसेल तो सोडा, दोन पर्याय कटले तर उरलेल्यातला उचला आणि पुढे चला." पोरं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, काकूंना गोळी द्या कुणीतरी.

"सर वाईट नाहीत ताई," ती म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी पाय तिकडे वळेनात. इथे एकजण रजेवर होती, म्हटलं आजचा दिवस तिच्या जागी बसते. मग रोजच कुणाच्या ना कुणाच्या जागी. इथे मला काही येत नाही असं वाटत नाही."

"आणि आम्ही?"

"रोज ठरवायचे, आज सांगते. तुम्ही ताट वाढायचात. घास जायचा नाही ताई, खरंच."

मी रागावले होते, खोटं कशाला सांगू. माझ्या मशीनवर अर्धवट कपडे पडून होते. पण तिचे हात मांडीवर असे पडले होते, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. मी एवढंच म्हटलं, "मी चहाडी करणार नाही. पण कुणी विचारलं तर लपवणारही नाही."

विचारायची वेळच आली नाही. घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंच्या हातात ओलं भांडं होतं. त्यांनी ते पुसलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी दुकानात जे सांगत होते, ते सगळं?"  पुढे कितीतरी दिवस त्या दुकानावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने जात. दुखऱ्या गुडघ्यांनी. धाकटी ते घरच्या खिडकीतून बघायची. भाऊजींनी रात्री ऐकलं आणि एकही विनोद केला नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

परीक्षा तोंडावर आली होती. ती क्लासला परत गेली. कशी गेली असेल तीच जाणे. सरांनी मागचं पुढचं काढलं नाही, एका मुलीने बाकावरची पिशवी उचलून जागा दिली, एवढंच तिने सांगितलं. बुडालेला अभ्यास डोंगराएवढा होता. पहाटे उठून जुनं गणित, संध्याकाळी क्लास, मध्ये खिडकी. पण सगळ्यात अवघड होतं ते सोडून देणं शिकणं. सरांनी सांगितलं, घरच्या कुणाला तरी घड्याळ घेऊन समोर बसवा.

मी बसले. मला त्या इंग्रजी प्रश्नांतलं ओ की ठो कळत नाही. काटा पुढे गेला की म्हणायचं, सोड.

"एकच मिनिट ताई, आलंच उत्तर."

"सोड."

"अहो, एवढा ताळा करते."

"सोड म्हटलं ना."

जेवणाऱ्यापुढून ताट ओढावं तसं मला व्हायचं. शेवटी सासूबाईंनी घड्याळ स्वतःकडे घेतलं. त्यांना दया बिया काही नाही. "सोड. पुढचं. सोड. नवऱ्याला नाही सोडलंस इतकी वर्षं, गणित तरी सोड." त्या दिवशी पहिल्यांदा घरात कुणीतरी हसलं. धाकटीही हसली, पण लगेच ओशाळली, आपल्याला हसायचा हक्क नाही असं काहीसं.

परीक्षा दिली. निकाल आला. पूर्वीसारखी सगळ्यात खाली नव्हती, मधल्या घोळक्यात होती. पण संध्याकाळच्या कॉलेजला जेवढे गुण हवे होते त्याच्या थोडे खाली. फुकट घालवलेल्या संध्याकाळी तिला मिळाल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणीच बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

कोठाराची जागा बाहेरून आलेल्या एका तरुणाला मिळाली. चांगला मुलगा आहे म्हणते. कुठलं खोकं कुठल्या फडताळात, ते ती त्याला दाखवते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि दुकानदारिणीने विचारायच्या आधीच म्हणाल्या, "कमी पडले मार्क. पुन्हा बसणार आहे. साबण दे."

आता ती पुन्हा क्लासला जाते. वर्ग नवा, पोरं नवी, काकू मात्र तीच. पण घरी आल्यावर एक नवीनच सुरू झालं आहे. आम्ही जेवायला बसलो की कुणी न विचारता ती सांगते. आज काय शिकवलं, कुठला प्रश्न चुकला, किती सोडले, बस चुकली म्हणून किती उशिरा पोचले. सगळं, बारीकसारीक. आम्ही ताटात बघत ऐकतो. ऐकताना मलाच कसंतरी होतं, कुणाच्या तरी खोलीत न सांगता शिरल्यासारखं.

परवा सासूबाईंना राहवलं नाही. "पुरे गं पोरी," त्या म्हणाल्या. "आम्ही काय फौजदार आहोत का तुझे? जेव आधी."

धाकटीने घास हातात तसाच धरला. "जेवते आई," ती म्हणाली. "पण सांगू द्या मला." आणि उरलेलं सांगू लागली.