गाडीतलं पाणी कुठे जातं?

माझे सासरे पाणीखात्यात गळती शोधायचे. जमिनीखालचा नळ नेमका कुठे फुटलाय, हे ते रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून, तिच्या वरच्या टोकाला कान लावून ओळखत. खात्यात त्यांना सगळे ‘कान’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना घड्याळ दिलं आणि सळई परत मागितली. त्यांनी घड्याळ कपाटात टाकलं आणि सळई हरवली म्हणून कळवलं. ती त्यांच्या पलंगाखाली आहे. केर काढताना माझ्या पायाला लागते, म्हणून खात्रीने सांगते.

निवृत्तीनंतर ते उशिरा उठू लागले. वर्तमानपत्र वाचायचे, घडी घालायचे, आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा उघडायचे. घरातला एखादा नळ मुद्दाम गळका ठेवावा की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आमची गाडी जुनी आहे आणि तिला काम एकच: दर रविवारी सासूबाईंना घाटापलीकडे त्यांच्या बहिणीकडे नेणं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेत, बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. बहीण अंथरुणाला खिळलेली. भाड्याच्या गाडीत बसायला सासूबाई तयार नाहीत. येताना रडू येतं आणि परक्या माणसाच्या मागे बसून नीट रडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, ही गाडी आहे तोवर दोघी बहिणींची भेट आहे.

एका रविवारी घरी आल्या आल्या सासऱ्यांनी बॉनेट उघडून बघितलं, तर बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, वरच्या खुणेला. सकाळी बघितलं, तर खाली. तापलं की ते वर चढतं आणि निवलं की खाली बसतं, हे कुणीही सांगितलं असतं. पण त्यांनी कुणाला विचारलंच नाही. जन्मभर गावाची गळती शोधलेल्या माणसाच्या दारात गळती चालून आली होती. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मग ते रोज उजाडायच्या आत उठायला लागले. रेडिएटरचं झाकण उघडायचं, आत डोकावायचं, ‘हं’ म्हणायचं, झाकण लावायचं. मग नीट लागलंय का हे बघायला पुन्हा उघडायचं. गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली, त्यांवर एक थेंब नाही. सगळ्या पाइपांवरून कोरडा रुमाल फिरवला, तो कोरडाच. आणि इतकी काळजी घेऊनही काही महिन्यांत कूलंट खरोखरच कमी व्हायला लागलं.

शेवटी एका रविवारी घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला आणि गाडी वाफ सोडत कडेला उभी राहिली. सासूबाई त्या दिवशी बहिणीपर्यंत पोचल्याच नाहीत.

मेकॅनिकने झाकण काढून टेबलावर ठेवलं, त्याच्या जागी पंप बसवला आणि दाब भरला. पंपावरचा दाबाचा काटा तसूभर खाली आला नाही. बाहेर गळती नाही म्हणजे आत असणार, इंजिन उघडावं लागेल, असं तो म्हणाला. इंजिन उघडण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं आणि रविवारी बघायला ये म्हणून एका गिऱ्हाइकाला सांगूनही टाकलं. सासूबाई म्हणाल्या, विका. आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

शनिवारी सासऱ्यांनी पलंगाखालून सळई काढली आणि मला गाडीत बसायला सांगितलं. गाडी पेटली तर साक्षीला कुणीतरी हवं, एवढंच कारण दिलं. घाट चढून वर गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि एकेका भागावर सळई टेकवून कान लावत गेले. येणारे-जाणारे वेग कमी करून बघत होते. मी आपली गाडीत बसून, हे माझे कुणी लागत नाहीत असा चेहरा करून होते.

सळई झाकणाला टेकली आणि ते तिथेच थांबले. मग मला बोलावून सळईला कान लावायला सांगितलं. आत बारीक फुसफुस चालली होती. वाफ झाकणातून निसटत होती आणि चालत्या गाडीबरोबर वाटेतच उडून जात होती, मग दारात थेंब कुठून पडणार?

इंजिन गार झाल्यावर त्यांनी झाकण काढून उलटं केलं. आतलं रबर झिजून चिरलं होतं. मेकॅनिकचा पंप झाकणाच्याच जागी बसला होता, त्यामुळे झाकण कुणी तपासलंच नव्हतं. चोर शोधायला सगळ्या घराला रांगेत उभं करावं आणि चोरालाच बाजूला खुर्ची द्यावी, तसं झालं होतं.

मला हसू आलं. सासऱ्यांना आलं नाही. नवं झाकण दुकानात सहज मिळालं. ते बसवून पुन्हा घाट चढून आलो, काटा मधोमध राहिला. रबर कुणी झिजवलं हे आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि मला त्यांची फार दया आली.

घरी येऊन नवऱ्याने गिऱ्हाइकाला नको येऊस म्हणून कळवलं. सासरे स्वयंपाकघराच्या दारात, सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“अगं, गळती नव्हतीच,” ते म्हणाले. “रोज उघडून उघडून रबर मीच घालवलं. तुझं जाणं माझ्या हातून बंद पडलं असतं.”

“वाटलंच होतं मला. कुकरचं रबर असंच जातं.”

“मग बोलली का नाहीस?”

सासूबाईंनी हात पुसले. “तुम्ही पुन्हा पहाटे उठायला लागला होतात,” त्या म्हणाल्या. “आणि बहिणीचं काय, तिच्याशी फोनवरही बोलता येतं.”

त्यांच्या बहिणीची वाचा गेल्या आजारपणात गेली. दोघी दर रविवारी नुसत्या हातात हात घेऊन बसतात.