खुर्चीतली पीटी

सुभेदार शेषरावांनी उभ्या आयुष्यात हजारो जवानांचा घाम काढला. स्वतःचा किती गाळला, ते विचारायचं नाही. मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यात पीटीचे उस्ताद. जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि शास्त्री नगरात घर बांधून इथेच राहिले. मी प्रभाकर, त्यांच्याच पलटणीतला कारकून. दोरावरून घसरलो म्हणून त्यांनी मला एकदा सगळ्यांदेखत मैदानभर बेडूकउड्या मारायला लावल्या होत्या. आणि माझं नशीब असं, की मलाही घर मिळालं ते त्यांच्याच गल्लीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठ टक्के निघाली. वय एकाहत्तर, गोळ्या आधीच तीन. डॉक्टर तनयांनी नीट समजावलं, "काका, शरीरात इन्सुलिन आहे, पण स्नायू त्याचं ऐकेनासे झालेत. स्नायूंना कामाला लावलं की ते साखर ओढून घेतात, इन्सुलिनचंही ऐकायला लागतात. पण दोन-तीन दिवस बसून राहिलात की परिणाम ओसरतो. तीन महिने नेमाने व्यायाम करा, नाहीतर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल."

"मॅडम, मी पीटीचा उस्ताद आहे," शेषराव म्हणाले. जणू जुन्या व्यायामाची पेन्शन मिळते!

इंजेक्शनला मात्र हा शूर गडी टरकून होता. पलटणीत लस टोचायच्या दिवशी हे हमखास रजेवर. ते अर्ज मीच टाइप केलेत.

म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी पार्कात वर्ग सुरू झाला. कॉलनीतले अकरा म्हातारे-म्हाताऱ्या, त्यांत साखरवाला मी आणि मागच्या रांगेत गुडघे धरून उभ्या पार्वतीवहिनी, म्हणजे शेषरावांची बायको. त्यांनाही साखर आहेच. हात न टेकता बाकावरून उठा-बसा, पाण्याच्या बाटल्या उचला, भराभर चाला. आणि शेषराव? मफलर गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीत. तिथून गिनती: एक, दो, तीन, चार!

"काय रे बाबू, गुडघा वर घे! बायकांच्या मागे पडलास, मतलब लाज वाटू दे!" बाबू म्हणजे मी; कारकुनाला ते कधी नावाने हाक मारत नसत.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, तुम्हीपण उठा की जरा."

"उस्ताद रांगेत उभा राहत नसतो, पार्वती."

गंमत म्हणजे हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. ओरडून ओरडून घसा बसायचा, त्यालाच ते व्यायामाचा थकवा समजायचे आणि घरी जाऊन दहापर्यंत लोळायचे.

तीन महिन्यांनी आम्ही तिघं रिपोर्ट घेऊन गेलो. वहिनींची साखर आठवरून सातवर आली होती. माझीही उतरली. उस्तादांची सव्वानऊ. नाचता येईना अंगण वाकडं. ते लगेच लॅबवर घसरले.

"कोणता व्यायाम करता, काका?" डॉक्टरांनी विचारलं. शेषरावांनी सगळे प्रकार क्रमाने, एकही न चुकता घडाघडा सांगितले.

"छान. आता खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवा."

पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा मांड्या थरथरल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यातूनच धपकन खाली. मग कोणी न सांगता वहिनी उठल्या आणि शेजारच्या खुर्चीवर अकरा वेळा उठल्या-बसल्या.

"गिनती तुमची बरोबर होती हो," त्या म्हणाल्या, "पण तिच्यात तुम्ही कुठे होता?"

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. पहिली सुई वहिनींनी तिथेच टोचली. शेषरावांनी डोळे गच्च मिटून माझं मनगट धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं नाही. का, ते मला विचारू नका.

"व्यायाम लागू पडला तर डोस कमी करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण तो दुसरा कोणी तुमच्यासाठी करू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी ते पार्कात आले आणि वहिनींच्या शेजारी जाऊन बाकावर बसले.

"प्रभाकर," म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नावाने. "गिनती तू दे."

मी दिली. तीनला ते बाकावर आदळले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? भरपूर झाला. तो ओसरेपर्यंत मी थांबलो आणि म्हणालो, "पुन्हा. एक."