भरड की बारीक

पाच वर्षं मी एका दूरच्या दीर्घिकेतली धूळ मोजत होते. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत पसरलेली धूळ, आणि मोजायची तीही इथूनच, तिच्यातून गाळून आलेल्या उजेडावरून. बारीक कण निळा उजेड जास्त अडवतात, भरड कण सगळे रंग जवळपास सारखेच अडवतात. माझ्या दीर्घिकेतले सगळे रंग सारखेच मंदावलेले होते. म्हणून मी लिहून टाकलं, कण भरड आहेत. सगळा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा होता, आणि गावाकडून वडील दर रविवारी फोन करून विचारायचे, झालं का?

प्रबंध द्यायला महिना उरला तेव्हा मार्गदर्शकांनी विचारलं, सगळे तारे धुळीच्या पलीकडेच आहेत हे कशावरून? काही अलीकडे आणि काही धुळीतच मिसळलेले असले, तर कण बारीक असूनही उजेड असाच दिसेल. मला भयंकर राग आला. हे विचारायला यांना पाच वर्षं पुरली नाहीत का? आठवडाभर गणितं उलटसुलट केली. कधी कण भरड निघत, कधी बारीक, आणि दोन्ही वेळा आकडे तंतोतंत जुळत. डोक्याचा पार भुगा झाला.

हिंजवडीजवळच्या चांदे गावात एका मेंढपाळ कुटुंबाकडे मी वरची खोली भाड्याने घेतली होती. एका संध्याकाळी दारात उभी होते. हिंजवडीकडून आलेल्या कंपन्यांच्या गाड्या कोंडीत खोळंबल्या होत्या आणि त्यांच्या कडेकडेने कच्च्या वाटेवरून घरमालकीण काकूंची मेंढरं येत होती. पुढची मेंढरं लख्ख दिसत होती. आज धूळ फारशी नाही, असं मी मनात म्हणते आहे तोवर कळपाच्या मागून काकू आल्या. भुवया, पापण्या, डोईवरचा पदर, सगळं मातकट. मी म्हटलं, इथून तर काहीच वाटलं नाही.

"म्होरली मेंढरं बघून कसं कळंल?" त्या तोंड पुसत म्हणाल्या. "धूळ केवढी हाय ते मागं चालणाऱ्याला इचार."

माझ्या दीर्घिकेच्या मागे मी कुणाला पाठवणार होते? तिथल्या तिथे रडू आलं, आणि कशाचं ते काकूंना सांगताही येईना. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य खोडून मी लिहिलं की कण भरड आहेत की बारीक, हे एवढ्या उजेडावरून सांगता येत नाही. मार्गदर्शक नुसते बरं म्हणाले. एवढ्यावर पदवी मिळेल का, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

रविवारी वडिलांना सगळं सांगितलं.

"मी तर इथं सगळ्यांना भरड म्हणून सांगून बसलोय," ते म्हणाले.

"मीपण, बाबा."